पिसांची वेल

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, टेनेसी नदी ओहायोला मिळते तिथे पडुका नावाचं गाव आहे. 'अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी'चं वार्षिक प्रदर्शन १९८५ साली याच गावात सुरू झालं, आणि क्विल्ट शिवणाऱ्यांच्या जगात पडुकाच्या बक्षिसाला मोठा मान आहे. क्विल्ट म्हणजे तीन थर. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर, आणि तिन्ही थरांना एकत्र धरणारी शिवण. आपल्या गोधडीची ही दूरची बहीण. १९८९ साली या प्रदर्शनाचं पहिलं बक्षीस कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या 'करोना टू: सोलर एक्लिप्स' या क्विल्टला मिळालं. ग्रहणातल्या सूर्याभोवती उसळणाऱ्या ज्वाळा, रंगांच्या बारीक छटांमधून उभ्या केलेल्या. काम डोळे दिपवणारं होतं, तरी अनेकांच्या कपाळावर आठ्या पडल्या, कारण तिन्ही थर मशीनवर शिवलेले होते. तोवर हे बक्षीस हातशिवणीच्या क्विल्टलाच मिळत आलं होतं.

मशीनवर शिवलं म्हणजे मशीननं शिवलं, शिवणारीचं कसब त्यात काय, असा नाराजांचा सूर होता. हा आक्षेप आजही ऐकू येतो आणि तो घेणाऱ्यांनी बहुधा ते मशीन कधी चालवून पाहिलेलं नसतं. फॅलर्ट यांच्यासारख्यांनी ज्या पद्धतीनं काम केलं तिला फ्री-मोशन क्विल्टिंग म्हणतात, आपण मुक्त शिवण म्हणू. तिच्यात मशीन जवळजवळ काहीच करत नाही आणि अडचण नेमकी तीच आहे.

मशीनवरचं क्विल्टिंग १९८९ च्या बरंच आधीचं आहे. नेब्रास्कातल्या अर्नेस्ट हाइट या शेतकऱ्यानं १९३०च्या दशकात बायकोच्या शिवणीला नावं ठेवली. तिनं सुनावलं, जमत असेल तर स्वतः करून दाखवा. हाइट यांना ते इतकं जमलं की त्यांनी जोडलेली कापडं हातानं शिवून पुरी करताना त्यांच्या वडिलांची दमछाक व्हायला लागली, आणि मग हाइट यांनी मशीनचा रस्ता धरला. १९७४ साली त्यांनी त्यावर एक छोटं पुस्तकही काढलं. पण हाइट यांची शिवण सरळ रेघांची होती, क्विल्टच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी जाणारी. रेघ सोडून वेली, पानं, पिसं यांच्याकडे वळायचं असेल तर मशीनच्या एका भागाला रजा द्यावी लागते.

तो भाग म्हणजे सुईखालचे दात. साध्या शिवणीत सुई वरखाली होते आणि पट्टीच्या फटीतून डोकावणारे हे दात दर टाक्याला कापड तेवढंच मागे ढकलतात. टाका किती लांब, हे दातांवर अवलंबून असतं. शिवणारीनं कापडाची दिशा सांभाळली की झालं. मुक्त शिवणीत दात खाली उतरवतात किंवा त्यांच्यावर झाकण बसवतात. काहीजणी तसंही करत नाहीत. टाक्याची लांबी शून्यावर आणली की दात जागच्या जागी हलतात, कापड नेत नाहीत. कापड दाबून धरणारा नेहमीचा फूट काढून रफूचा छोटा गोल फूट लावायचा. सुई वर गेली की तो कापडावरची पकड सोडतो, खाली आली की पुन्हा धरतो. आता कापड पुढे, मागे, आडवं, तिरकं, कुठेही जाऊ शकतं. फक्त त्याला नेणारं कोणी उरलेलं नाही.

नेणारे उरतात ते दोन हात. त्यांच्यावर काय येऊन पडतं याचा हिशेब सोपा आहे. मशीन मिनिटाला ६०० टाके घालत असेल तर सेकंदाला १० झाले. इंचाला दहा टाके चांगले दिसतात, तेव्हा हातांनी कापड सेकंदाला एक इंच सरकवायला हवं. दीड इंच सरकलं तर टाके दीडपट लांब होऊन लोंबतात, अर्धाच सरकलं तर एकमेकांच्या अंगावर चढतात. सुई कापडात असताना हातानं घाई केली तर ती वाकते, पट्टीवर आपटते आणि मोडते. मशीनचा वेग ठरवतो पाय आणि कापडाचा वेग ठरवतात हात. पहिले काही दिवस या दोघांची ओळखच झालेली नसते. पायाला वाटतं सावकाश चालवलेलं बरं आणि हात घाबरून ओढत सुटतात. वर लांब लांब टाके दिसतात. उलटून पाहावं तर अस्तरावर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला दोऱ्याचे बारीक फासे पापणीच्या केसांसारखे उभे असतात. त्यांना पापण्याच म्हणतात. दोऱ्याच्या ताणाची चकती फिरवून हे निस्तरेल असं नवशिकीला वाटतं. कधी निस्तरतंही, पण बऱ्याचदा दोष वळणावर कापड हिसकणाऱ्या हाताचा असतो.

वळणाचं आणखी एक बारीक प्रकरण आहे. फ्रान्चेस्को लाक्वानिती, कार्लो तेर्झुओलो आणि पाओलो विव्हिआनी या संशोधकांनी १९८३ साली माणूस रेघोट्या ओढताना हाताच्या वेगाचं काय होतं हे मोजलं. रेघ जितकी घट्ट वळते तितका हात आपोआप मंदावतो, आणि मंदावतो तोही ठरावीक प्रमाणात. वळण आठपट घट्ट झालं तर वेग साधारण निम्म्यावर येतो. कोणी शिकवावं लागत नाही, सगळ्यांचा हात असाच चालतो. कागदावर यानं काही बिघडत नाही, शाईची रेघ वेगाची नोंद ठेवत नाही. मशीन मात्र ठेवतं. पायाचा वेग तोच राहिला आणि वळणावर हात निम्म्यानं मंदावला, तर टाके तिथे निम्म्या लांबीचे होतात. म्हणजे मुक्त शिवण शिकणं याचा एक अर्थ असा की हाताची जन्मजात सवय मोडायची, नाहीतर पायाला हाताच्या तालावर चालायला लावायचं. अनुभवी शिवणाऱ्या बहुतेक पहिला मार्ग घेतात. मोटरचा एकसारखा गुंजारव कानात ठेवतात आणि हात त्याला जुळवतात. बर्निना कंपनीनं फुटालाच सेन्सर जोडून कापडाच्या वेगाप्रमाणे सुईचा वेग बदलण्याची सोय केली. तिनं टाके सारखे येतात हे खरं. आकाराचं काय, ते सेन्सरला कळत नाही.

आणि आकार काढायचा तो उलटा. पेन एका जागी घट्ट बांधून ठेवलंय आणि कागद फिरवून अक्षर काढायचंय, असा हा मामला आहे. रेघ डावीकडे जावी असं वाटत असेल तर कापड उजवीकडे न्यायचं. रेघ वर चढायला हवी तर कापड आपल्याकडे ओढायचं. लाँगआर्म नावाच्या मोठ्या मशीनवर याच्या उलट असतं. तिथे क्विल्ट चौकटीवर ताणलेला असतो आणि मशीनच रुळांवरून त्याच्यावर फिरतं, म्हणजे पेन परत हातात येतं. घरगुती मशीनवर शिकणाऱ्यांना लाँगआर्मवाल्यांचा हेवा वाटतो तो यासाठीही. शिवाय घरगुती मशीनच्या मानेखाली जागा असते वीतभर. त्या फटीत डबल बेडचा क्विल्ट कोंबायचा असतो आणि त्याचं वजन टेबलाच्या कडेवरून लोंबून हाताला मागे खेचत असतं. म्हणूनच मशीन टेबलात खाली बसवून त्याची पट्टी टेबलाच्या पातळीत आणतात, डावीकडे नि मागे क्विल्टला टेकायला आणखी टेबलं लावतात. बोटांना रबराचे ठिपके असलेले हातमोजे घालतात, म्हणजे कापड दाबून न धरता सरकवता येतं. दाबून धरलं की खांदे कानाला लागतात आणि अर्ध्या तासात मान धरते.

या सगळ्यावरचा पुढचा वर्ग म्हणजे पिसं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या आणि उत्तर इंग्लंडमधल्या हातशिवणीच्या क्विल्टांवर पिसांच्या वेली आणि पिसांची वर्तुळं भरपूर दिसतात. मधोमध एक डौलदार वळणाचा देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीनं पाकळ्या, प्रत्येक पाकळी बाहेर फुगलेली आणि देठाकडे निमुळती होत गेलेली, अर्ध्या बदामासारखी. हातानं शिवताना एखादी पाकळी संपली की सुई थरांच्या मधून सरकवून दुसरीकडे काढता येते. मशीनला ही मुभा नाही, त्याला दोरा न तोडता चालत राहावं लागतं. त्यामुळे मशीनवरच्या पिसात आलेल्या वाटेनंच मागे जावं लागतं. एक रीत अशी: देठापासून निघून पहिली पाकळी पुरी करून पुन्हा देठाशी यायचं. दुसरी पाकळी देठातून वर काढायची, तिचा माथा गोल वळवून पहिलीच्या खांद्याला टेकवायचा. तिथून आताच घातलेल्या टाक्यांवरूनच माथ्यापर्यंत परतायचं, आणि तिथून तिसरी पाकळी फुटवून देठाशी उतरायचं. पुढची जोडी पुन्हा तशीच.

परतीची ती वाट जेमतेम अर्ध्या इंचाची असते आणि शिकणाऱ्याचे सगळे हाल तिथेच होतात. दोऱ्याच्या जाडीएवढी चूकही उठून दिसते, कारण एका रेघेच्या दोन होतात. म्हणून शिकणारी डोळे बारीक करून सुईकडे टक लावून पाहते, आणि त्यामुळेच रेघ थरथरते. सुई ज्या ठिकाणी आहे तिथलं आता काही बदलता येत नाही. नजर हवी ती जिथे जायचं त्या जागेवर: परतताना माथ्याच्या टोकावर, नवी पाकळी काढताना तिच्या फुगीर भागासाठी मोकळ्या असलेल्या जागेवर. विस्कॉन्सिनच्या डायान गौडिन्स्की यांनी घरगुती मशीनवर शिवलेल्या पिसांसाठी पडुकात बक्षिसं मिळवली आणि त्यांचं काम तिथल्या राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात आहे. त्या १०० नंबरचा अतिशय बारीक रेशमी दोरा वापरतात. त्यात एक हुशारी आहे. इतका बारीक दोरा दोनदा एकाच वाटेनं गेला तरी ती जागा जाड दिसत नाही.

पिसं समजायला अवघड नाहीत. कोणीही फळ्यावर पाच मिनिटांत समजावून सांगेल आणि समोरची मान डोलावेल. मशीनपाशी बसल्यावर मात्र पाकळ्या कधी केळी होतात, कधी भोपळे. समजणं आणि येणं यांत एवढं अंतर का, याचं सर्वांत विलक्षण उत्तर शिवणकामापासून फार दूरच्या एका माणसाकडून मिळालं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, पण नवीन आठवण साठवण्याची शक्ती गेली. आताच भेटलेला माणूस थोड्या वेळानं परत आला तर मोलायसनला तो नवाच वाटे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी त्याला एक काम दिलं. हात थेट न बघता आरशात बघत, चांदणीच्या दुहेरी कडेमधून पेन्सिल फिरवायची. आरशात दिशा उलट्या होतात, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांचीच पेन्सिल भरकटते. मोलायसननं तीन दिवस हे केलं. दर दिवशी त्याला वाटे की हे काम आपण पहिल्यांदाच करतोय, आणि दर दिवशी त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईदार चाले. शेवटी शेवटी तर त्याचं त्यालाच नवल वाटलं की इतकं सोपं कसं गेलं.

हाताचं शिकणं आठवणींच्या कोठारात होत नाही, त्याची व्यवस्था मेंदूत वेगळी आहे, हे तिथून स्पष्ट झालं. उलट्या दिशांची मुक्त शिवण हे त्या आरशातल्या चांदणीचंच भावंड आहे. पिसाची रीत तोंडपाठ असली तरी ती कोठारातच पडून राहते, हाताच्या खात्यात आपोआप जमा होत नाही. तिथे फक्त हालचालीच जमा होतात.

त्यातली एक हालचाल मशीनशिवाय जमा करता येते, आणि माझ्या मते तिथूनच सुरुवात करावी. कागद आणि पेन्सिल घेऊन, पेन्सिल न उचलता पिसं काढायची, परतीच्या वाटेसकट. इथे दिशा सुलट्या असतात, तेव्हा उलट्या दिशांचा सराव यात होत नाही, पण क्रम पक्का होतो. माथ्यावरून परतल्यावर पुढे कुठे, हा प्रश्न कागदावर पडेनासा झाला की मशीनवर डोक्याला एकच काम उरतं, हात सांभाळण्याचं. वहीभर पिसं काढल्याशिवाय मशीनला हात न लावू देणारे शिक्षक कडक वाटतात, पण त्यांचं बरोबर आहे.

मशीनवर किती वेळ बसावं, याचा काहीसा चिडवणारा दाखला ब्रिटिश टपाल खात्यातून मिळतो. खात्याला आपल्या पोस्टमनांना टंकलेखन शिकवायचं होतं. ॲलन बॅडली आणि डी. जे. ए. लाँगमन या संशोधकांनी त्यांच्या तुकड्या पाडल्या. कोणी रोज एक तास शिकले, कोणी दिवसातून दोनदा दोन-दोन तास. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज एक तास बसणाऱ्यांना कळपट्टी शिकायला एकूण तास सर्वांत कमी लागले. गंमत अशी की या पद्धतीवर सर्वांत नाराज तेच होते. शेजारची तुकडी भराभर पुढे जाताना दिसत होती आणि आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. रविवारची अख्खी दुपार पिसांसाठी राखून ठेवणाऱ्या, आणि चार वाजेपर्यंत बिघडत जाणाऱ्या पाकळ्यांवर चरफडणाऱ्या बाईला हे सांगून पटत नाही. रोज वीस मिनिटं बसणं तिला टाळाटाळ वाटते.

त्या वीस मिनिटांत काय करावं याचंही एक उत्तर आपल्या अंदाजाच्या उलट निघालं आहे. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ साली लोकांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एका गटानं आधी पहिली घोटली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाला तिन्ही हालचाली उलटसुलट क्रमानं कराव्या लागल्या. शिकताना पहिला गट सरस दिसला. पण दहा दिवसांनी तपासलं तेव्हा सरमिसळ करणाऱ्यांच्या हातात जास्त उरलं होतं. पिसांना हे लावायचं तर डावीकडच्या पाकळ्यांची एक ओळ, मग उजवीकडच्या, मग वळत्या देठावरच्या, मग मध्येच नागमोडी भराव, असं बदलत राहावं. एकाच ओळीतली चाळिसावी पाकळी सुंदर येते, पण ती एकोणचाळिसावीच्या आधारानं येते. दुसऱ्या दिवशी पहिलीच पाकळी काढताना तो आधार नसतो. डाव्या बाजूच्या पाकळ्या जमतात आणि उजव्या जमत नाहीत अशी तक्रार जवळजवळ प्रत्येकीची असते. बहुतेकींनी सोपी बाजूच जास्त घोटलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

सरावासाठी हातभर लांबीरुंदीचे मांजरपाटाचे दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये कापसाचा थर पुरतो. कापूस तोच असावा जो खऱ्या क्विल्टमध्ये घालायचा आहे, कारण जाड पॉलिएस्टरवर कापड वेगळं सरकतं. दोरा मुद्दाम विरोधी रंगाचा घ्यावा, वर एक आणि खालच्या बॉबिनला दुसरा, म्हणजे खालचा दोरा वर ओढला जातोय की वरचा खाली, हे लगेच दिसतं. सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर काढून दोन्ही टोकं धरून ठेवायची, नाहीतर पहिल्या चार टाक्यांतच खाली गुंता होतो. बिघडलेलं उसवायचं नाही. उसवण्यात सरावाचा वेळ जातो आणि उसवताना हात काहीच शिकत नाही. तुकड्याच्या कोपऱ्यात तारीख घालून पुढे जायचं. आधीच्या तारखांचे तुकडे जपून ठेवणाऱ्या टिकतात असं दिसतं. आपण सुधारतोय हे रोज कळत नाही, पण दोन तुकडे शेजारी ठेवले की वाद उरत नाही.

महाराष्ट्रात हे कौशल्य अगदीच परकं नाही. गोधडी परंपरेनं हातानं घातली जाते, कडेपासून आत येत, धावदोऱ्यानं, तिचं शास्त्र वेगळं आहे. पण शिवणक्लासात मशीन एम्ब्रॉयडरी शिकलेल्या बायका गावोगाव आहेत. पायमशीनचा फूट काढून, दात निकामी करून, रिंगमध्ये ताणलेलं कापड सुईखाली फिरवत त्यांनी उशांच्या अभ्र्यांवर मोर आणि गुलाब काढलेले असतात. हे मुक्त शिवणच झालं. सिंगर कंपनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच भरतकामाची रीत पुस्तकं छापून शिकवत होती. अशी एखादी बाई क्विल्टच्या मशीनपाशी बसली तर तिचा हात आणि पाय यांची जुळणी आधीच झालेली असते. नवं असतं ते तीन थरांचं वजन, आणि रिंगचा ताण नसल्यामुळे तळहातांनीच कापड सपाट धरण्याचं काम.

सरावाच्या तुकड्यावरून खऱ्या क्विल्टवर कधी जायचं? पाकळ्या निर्दोष होईपर्यंत थांबणाऱ्या थांबूनच राहतात. टाके साधारण सारखे यायला लागले आणि क्रम न आठवता पाकळी पुरी व्हायला लागली, की एखादा लहान मुलाचा क्विल्ट हाती घ्यायला हरकत नाही. पहिली वेल मात्र ठसठशीत छापाच्या कापडावर घालावी आणि दोरा कापडाच्याच रंगाचा घ्यावा. एकरंगी गडद सॅटिनवर पांढरा दोरा घालण्याचा मोह पुढच्या वर्षासाठी ठेवावा, त्यावर हाताचा एकेक ठेचकाळलेला टाका लांबून वाचता येतो. आणि मधला थर सुती असेल तर क्विल्ट पुरा झाल्यावर एकदा धुऊन टाकावा. सुती थर पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आकसतो, कापडाला टाक्याटाक्यापाशी बारीक चुण्या पडतात, आणि परतीच्या वाटेवरच्या बऱ्याचशा दुहेरी रेघा त्या चुण्यांत जिरून जातात.